आई कुठे आहे? : पिल्लांच्या विक्रीचा कायदा आणि नागरिकांची सत्तर वर्षांची खटपट

१/
६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये एक छोटासा नियम लागू झाला. सहा महिन्यांहून लहान कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू दुकानदाराने वा दलालाने विकायचे नाही. पिल्लू हवे असेल तर जिथे ते जन्मले त्या पैदासकाराकडून घ्यावे, नाहीतर निवारागृहातून दत्तक आणावे. नियम दोन ओळींत मावतो. तो अस्तित्वात यायला मात्र जवळजवळ सत्तर वर्षे लागली. हा विलंब का झाला आणि तो कोणी संपवला, त्याचा हा थ्रेड. 🧵

२/
प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा करण्यात ब्रिटन मागे नव्हते. १८२२ साली रिचर्ड मार्टिन या खासदाराच्या प्रयत्नांनी गुराढोरांना छळण्याविरुद्ध कायदा झाला. १८२४ मध्ये लंडनला प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. १९११ मध्ये अधिक व्यापक कायदा आला. या सर्व कायद्यांची धाटणी मात्र एकच होती : आधी क्रौर्य घडावे, ते कोणीतरी पाहावे आणि मग शिक्षा व्हावी.

३/
भर रस्त्यात घोड्याला चाबकाने झोडपणारा गाडीवान सर्वांना दिसतो. व्यापारातले हाल तसे दिसत नाहीत. दुकानाच्या काचेमागे झोपलेल्या पिल्लाला कोणी मारत नसते. दुकानदार त्याला खाऊ घालतो आणि ग्राहक कौतुकाने पाहतो. या चित्रात गुन्हेगार कोण, हे जुन्या कायद्यांना सांगता येत नव्हते. त्यामुळे विक्रीसाठी स्वतंत्र कायद्याची गरज निर्माण झाली.

४/
तो कायदा १९५१ साली आला : पाळीव प्राणी अधिनियम. त्याने पाळीव प्राण्यांच्या दुकानाला स्थानिक प्रशासनाचा परवाना अनिवार्य केला. परवाना देताना काय पाहायचे तेही सांगितले : जागा पुरेशी आहे का, तापमान, उजेड, हवा आणि स्वच्छता योग्य आहे का, अन्नपाणी मिळते का, रोग पसरू नये अशी व्यवस्था आहे का, आग लागल्यास काय करणार. बारा वर्षांखालील मुलाला प्राणी विकण्यास मनाई झाली.

५/
आपल्या काळाच्या मानाने हा कायदा चांगलाच होता. त्याच्या कक्षेकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. त्याच्या सर्व अटी दुकानाच्या चार भिंतींच्या आतल्या होत्या. पिल्लू आले कुठून, त्याची आई कोणत्या अवस्थेत आहे, तिची ही कितवी वीण, यांपैकी एकही प्रश्न परवाना देणारा अधिकारी विचारत नव्हता. ‘फार लहान वयात’ सस्तन प्राणी विकू नयेत असे कायदा म्हणत होता. किती लहान, ते सांगत नव्हता.

६/
आणखी एक पळवाट होती. रस्त्यावर वा सार्वजनिक जागी प्राणी विकण्यास बंदी होती, परंतु बाजारातील टपऱ्या आणि हातगाड्यांना सूट होती. पूर्व लंडनमधील क्लब रो हा रविवारचा प्राणिबाजार या सवलतीवर चालू राहिला. पक्ष्यांचे पिंजरे, खोक्यांतली पिल्ले आणि भोवती गर्दी हे तिथले नेहमीचे दृश्य होते.

७/
क्लब रोविरुद्ध नागरिकांनी दीर्घकाळ आवाज उठवला. अखेर १९८३ च्या दुरुस्तीने टपरी-हातगाडीची सूट रद्द झाली आणि तिथला प्राणिबाजार संपला. या लढ्यातून एक धडा मिळाला आणि एक निसटला. संघटित नागरिक कायद्यातील पळवाट बुजवू शकतात, हा मिळालेला धडा. विक्रीची जागा बदलली म्हणून पिल्ले येण्याची वाट बदलत नाही, हा निसटलेला.

८/
ती वाट म्हणजे काय? कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. एका वेतात अनेक पिल्ले होतात आणि प्रत्येकाला रोख किंमत येते. मादीला चांगले खाणे, हिंडण्यास मोकळी जागा, पशुवैद्याची तपासणी आणि दोन वेतांमध्ये विश्रांती द्यायची, तर खर्च वाढतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट वगळली की नफा वाढतो. आणि वगळलेले काहीही दुकानातल्या पिल्लाकडे पाहून कळत नाही.

९/
अशा ठिकाणांना इंग्रजीभाषक देशांत ‘पिल्लांची शेती’ किंवा ‘पिल्लांचे कारखाने’ म्हणू लागले. ब्रिटनमध्ये विशेषतः पश्चिम वेल्समधील कार्मार्थनशायर आणि केरेडिगियन या ग्रामीण भागांची नावे या संदर्भात वारंवार पुढे आली. गोठे आणि पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली पिल्ले तिथून दलालांमार्फत दूरच्या शहरांत जात. ग्राहक शहरात आणि मादी शेडमध्ये. दोघांची गाठ कधीच पडत नसे.

१०/
पैदाशीकडे कायद्याचे लक्ष प्रथम १९७३ मध्ये गेले. विक्रीसाठी पैदास करण्याकरिता दोनांहून अधिक माद्या ठेवणाऱ्याला परवाना आवश्यक झाला. पण विनापरवाना जागेत शिरून तपासणी करण्याचा पुरेसा अधिकार प्रशासनाकडे नव्हता. ज्याने परवाना घेतला त्याची तपासणी व्हायची. ज्याने घेतलाच नाही तो निर्धास्त. ही विसंगती दूर करणारा कायदा १९९१ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी आला.

११/
१९९९ चा कायदा आणखी पुढे गेला. एक वर्षाच्या आत मादीचा संकर करायचा नाही, आयुष्यात सहांहून अधिक वेते घ्यायची नाहीत, दोन वेतांत किमान बारा महिन्यांचे अंतर ठेवायचे आणि नोंदवही राखायची. कायद्याच्या पानावर मादीच्या शरीराची इतकी स्पष्ट दखल प्रथमच घेतली गेली.

१२/
परंतु याच कायद्यात एक चमत्कारिक तरतूद होती. परवानाधारक पैदासकाराने आठ आठवड्यांहून लहान पिल्लू ग्राहकाला विकायचे नाही. परवानाधारक दुकानदाराला मात्र विकता येईल! दूध सुटते न सुटते तोच पिल्लाला आईपासून तोडून गाडीत घालण्याची ही कायदेशीर मुभा होती. दुकानाला माल कोवळ्या वयात लागतो, ही व्यापाराची गरज कायद्याने मुकाट्याने मान्य केली होती.

१३/
आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठी? अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनावर दीर्घ संशोधन केले. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यानचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीसाठी निर्णायक असतो, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष.

१४/
याच काळात पिल्लू आई-भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला शिकते, माणसांना आणि नव्या आवाजांना सरावते. नेमक्या याच आठवड्यांत व्यापार त्याला शेडमधून गाडीत, गाडीतून दलालाकडे आणि तिथून दुकानात नेत होता. वेगवेगळ्या ठिकाणची पिल्ले एकत्र आली की पार्व्होसारखा जीवघेणा संसर्गही पसरे. दुकान कितीही चकचकीत असले तरी हे नुकसान आधीच झालेले असे.

१५/
अटलांटिकपलीकडे याच्या नेमकी उलट चूक झाली होती. १९६५ मध्ये पेपर नावाची एक डाल्मेशियन कुत्री पेनसिल्व्हेनियातून चोरीला गेली आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील प्रयोगात मरण पावली. पुढच्या फेब्रुवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांकडील भीषण छायाचित्रे छापली. पत्रांचा पूर लोटला आणि ऑगस्ट १९६६ मध्ये प्राणिकल्याणाचा संघीय कायदा झाला.

१६/
१९७० च्या दुरुस्तीने तो कायदा व्यापक झाला आणि घाऊक पैदासकारही परवान्याखाली आले. किरकोळ दुकानांना मात्र सूट मिळाली. ब्रिटनने दुकान पाहिले आणि दीर्घकाळ पैदास पाहिली नाही. अमेरिकेने पैदास पाहिली आणि दुकान सोडून दिले. दोन्हीकडे साखळीचा एकच दुवा धरला गेला आणि व्यापार दुसऱ्या दुव्यावरून सुरळीत चालला.

१७/
अमेरिकेत ही उणीव नागरिकांनी शहरपातळीवरून भरून काढायला सुरुवात केली. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीने २००६ मध्ये दुकानांतील कुत्र्या-मांजरांच्या विक्रीवर बंदी घातली. पुढे शहरामागून शहर त्या वाटेने गेले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यव्यापी कायदा केला : १ जानेवारी २०१९ पासून दुकानात फक्त निवारागृहातून वा बचाव संस्थांकडून आलेले प्राणीच ठेवता येतील.

१८/
पुन्हा इंग्लंडकडे येऊ. २००९ मध्ये ब्रायटनचे पशुवैद्य मार्क अब्राहम यांनी ‘पपएड’ ही मोहीम सुरू केली. तिचे स्वरूप होते कुत्र्यांच्या जत्रेचे. लोक आपापले कुत्रे घेऊन यायचे, गमतीच्या स्पर्धा व्हायच्या, नामवंत परीक्षक असायचे आणि त्या गर्दीत पिल्लांच्या कारखान्यांची माहिती दिली जायची. मोहिमेचे घोषवाक्य दोन-तीन शब्दांचेच होते : आई कुठे आहे?

१९/
या प्रश्नाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात होते. तो विचारायला कायद्याचे वा पशुवैद्यकाचे ज्ञान लागत नव्हते. दुकानदाराकडे त्याचे उत्तर असूच शकत नव्हते, कारण पिल्लाची आई शेकडो मैल दूर असायची. १९५१ पासून कायद्याने न विचारलेला प्रश्न आता ग्राहकाच्या तोंडी आला. चळवळीने करुणेचे आवाहन केले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने तपासणीचे एक साधन सामान्य माणसाच्या हाती दिले.

२०/
ब्रिटनमध्ये २०११ पासून सरकारी ऑनलाइन याचिकांची नवी व्यवस्था सुरू झाली होती. १,००,००० स्वाक्षऱ्या झाल्या की विषय संसदेतील चर्चेसाठी विचारात घेतला जाई. आईच्या उपस्थितीविना पिल्ले विकण्यास बंदी घालावी, या याचिकेने तो टप्पा ओलांडला. ४ सप्टेंबर २०१४ रोजी कॉमन्स सभागृहात चर्चा झाली. विविध पक्षांच्या खासदारांनी पाठिंबा दिला. कायदा मात्र झाला नाही.

२१/
सरकारचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. बंदी घातली तर व्यापार भूमिगत होईल. आज निदान परवाना आहे, तपासणी आहे. उद्या तेही राहणार नाही, असा तो युक्तिवाद होता. काही मोठ्या प्राणिकल्याण संस्थांनाही आरंभी हीच धास्ती वाटत होती. आधी परवाना-पद्धती बळकट करावी, बंदीचे नंतर पाहू, असे त्यांचे मत होते. हेतू एक असूनही मार्गाविषयी मतभेद होते.

२२/
चळवळीचे उत्तर असे होते : दुकानाची तपासणी कितीही कडक केली तरी तिथे आई दिसणार नाही, कारण ती तिथे नाहीच. कोवळ्या वयातील ताटातूट आणि लांबचा प्रवास हा या पद्धतीचा अपघात नसून तिचा गाभा आहे. उलट ‘पिल्लू आईसोबतच पाहायचे’ असा एकच नियम असेल, तर तो मोडणारा ग्राहकाला लगेच ओळखता येईल.

२३/
नोव्हेंबर २०१६ मध्ये कॉमन्सच्या पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार समितीने साक्षी-पुरावे तपासून मध्यस्थ-विक्रीवर बंदीची शिफारस केली. पुढच्या फेब्रुवारीत सरकारने ती नाकारली. संसदेच्याच समितीचा कौल मिळूनही गाडी पुढे सरकली नाही. इथे या इतिहासात एका कुत्रीचे नाव येते.

२४/
लूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची मादी. २०१३ मध्ये, साधारण पाच वर्षांची असताना, वेल्समधील एका पिल्लांच्या कारखान्यातून तिची सुटका झाली. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहून, वेतामागून वेत देऊन तिचा कणा वाकला होता, कंबरेचे सांधे आखडून जुळले होते, अंगावरचे केस जागोजागी गेले होते. तिला अपस्माराचे झटकेही येत. दत्तक घरात तिला जेमतेम काही वर्षे मिळाली. डिसेंबर २०१६ मध्ये ती गेली.

२५/
लूसी जिवंत असतानाच समाजमाध्यमांवर ती हजारोंच्या परिचयाची झाली होती. तिच्या रूपाने लोकांनी प्रथमच दुकानातल्या पिल्लामागची आई पाहिली. पेपर आणि लूसी यांच्यात अर्धशतकाचे अंतर आहे. तरी दोघींच्या कथेत साम्य आहे. समितीच्या अहवालाने जे साधले नाही, ते एका नावाने आणि एका चेहऱ्याने साधले. डिसेंबर २०१७ मध्ये ‘लूसीचा कायदा’ ही मोहीम संसदेत सर्वपक्षीय पाठिंब्याने सुरू झाली.

२६/
नवी याचिका लाखाच्या पुढे गेली आणि २१ मे २०१८ रोजी संसदेत पुन्हा चर्चा झाली. ऑगस्टमध्ये सरकारने सार्वजनिक सल्लामसलत जाहीर केली. मते नोंदवणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक बंदीच्या बाजूने होते. मायकेल गोव्ह तेव्हा पर्यावरणमंत्री होते. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने बंदीचा निर्णय पक्का केला. मे २०१९ मध्ये नियम संसदेपुढे ठेवले गेले.

२७/
दरम्यान १ ऑक्टोबर २०१८ पासून परवान्याचे नवे नियम लागू झाले होते. वर्षाला तीन वा अधिक वेते घेऊन विक्री करणाऱ्याला परवाना, आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून कायमचे तोडण्यास मनाई आणि ग्राहकाला पिल्लू दाखवताना सोबत त्याची जन्मदाती आई असणे बंधनकारक. म्हणजे दीड वर्ष अशी स्थिती होती की पैदासकाराने आई दाखवायची, पण दुकानदाराला ती दाखवण्याची गरज नाही! २०२० च्या बंदीने ही विसंगती संपली.

२८/
कायदा लागू होण्याच्या दोन आठवडे आधी, २३ मार्च २०२० रोजी, ब्रिटनमध्ये टाळेबंदी सुरू झाली. घरात अडकलेल्या लोकांना अचानक कुत्रा हवासा वाटू लागला. मागणी आणि किमती भडकल्या, खरेदी ऑनलाइन गेली. प्रत्यक्ष भेट नाही म्हणजे आई पाहणे नाही. भाड्याच्या घरात भलतीच कुत्री ‘आई’ म्हणून दाखवण्याचे प्रकारही घडले. परदेशातून येणाऱ्या पिल्लांचा प्रश्न या कायद्याने सुटला नव्हताच.

२९/
मग बंदीला भिणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले का? अंशतः. फसवणूक संपली नाही. परंतु पूर्वी आई न दाखवता विकणे हा कायदेशीर धंदा होता. आता तो गुन्हा झाला. ग्राहकाला आता नेमकी कशाची विचारणा करायची ते ठाऊक आहे आणि प्रशासनाला नेमके काय पकडायचे ते. २०२१ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्समध्येही मध्यस्थ-विक्रीविरुद्ध नियम आले. ज्या वेल्समधून लूसी आली, तिथेही.

३०/
भारतात या प्रश्नाचा प्रवास निराळा झाला. मुंबईत प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था १८७४ सालीच स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक मांडून आग्रह धरला आणि १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. उपासमार, तहान वा गर्दी यांनी पीडित प्राणी विक्रीस ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड : १० ते ५० रुपये.

३१/
मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये पिल्ले, पक्षी आणि मासे विकणाऱ्या गाळ्यांची रांग पिढ्यानपिढ्या लोकांनी पाहिली आहे. अशा दुकानांसाठी स्वतंत्र नियम मात्र दीर्घकाळ नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि पैदास यांच्या नियमनाची निकड मांडली. त्यानंतर २०१७ मध्ये श्वान पैदास व विपणन नियम आणि २०१८ मध्ये पाळीव प्राणी दुकान नियम अधिसूचित झाले.

३२/
या नियमांनुसार दुकानाला आणि पैदासकाराला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आत मादीचा संकर करता येत नाही आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. म्हणजे भारताने दुकानातील विक्री बंद केली नाही, तिला नोंदणीखाली आणले. इंग्लंडने २०२० मध्ये जी वाट सोडली, तीच वाट भारताने दोन वर्षे आधी निवडली होती.

३३/
ती वाट चुकीचीच आहे असे नाही. परंतु १९५१, १९७३ आणि १९९९ चा अनुभव सांगतो की नोंदणीचा कागद तपासणाऱ्यावर अवलंबून असतो. मादीचे पाचवे वेत झाले की सहावे, हे दुकानाच्या काचेतून दिसत नाही; त्यासाठी कोणीतरी तिच्यापर्यंत जावे लागते. अधिकारी पोहोचत नाहीत तिथे ग्राहक पोहोचू शकतो, पण त्याने तसा आग्रह धरला तरच. इंग्लंडमधील नागरिकांनी आधी हा आग्रह लोकांच्या अंगवळणी पाडला. मग तो कायद्यात उतरला.

३४/
म्हणून या इतिहासातील क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी दुकानाची स्वच्छता, मग पैदाशीचा परवाना, मग बाजारातल्या टपऱ्या, मग वेतांची मर्यादा आणि सर्वांत शेवटी आई. कायद्याला तिच्यापर्यंत पोहोचायला १९५१ पासून २०२० उजाडावे लागले. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला मात्र तेवढा वेळ लागत नाही. त्याला एवढेच विचारायचे असते : याची आई कुठे आहे, आणि ती आम्हाला पाहता येईल का?

(थ्रेड समाप्त)